चालत्या गाडीला खीळ : बारा व्हॉल्व्हच्या कमिन्समधली डॉवेल पिन

तू मला काका म्हणालास, तेव्हा मी सरळ एकेरीवरच येतो.

तुझा प्रश्न थोडक्यात असा. 1996 ची डॉज राम 2500 घेतलीस. 5.9 लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन, मीटरवर 2,31,000 मैल. इंजिन एका सेल्फला उठतं, धूर नाही, आवाज ठणठणीत. जूनमध्ये मागे कॅम्पर जोडून बायकामुलांसह कोलोरॅडोच्या डोंगरात जायचा बेत आहे. मध्येच कुणीतरी ‘किलर डॉवेल पिन’चं नाव काढलं आणि तुझी झोप उडाली. एका गॅरेजवाल्याने ‘चालतंय ना, मग कशाला हात लावतोस’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने समोरचं सगळं उघडून वर निम्मं इंजिन करायचा अंदाज हातात दिला. कुणाचं ऐकू, असं विचारतोस.

दोघांचंही ऐकू नकोस. पिनचं काम करून घे, आणि जूनच्या आधी. पण निम्मं इंजिन बिंजिन काही करायचं नाही. पत्र्याचा एक तुकडा, एक ऑइल सील, एक पॅकिंग आणि एक दिवस, एवढ्यात आटपणारं काम आहे हे. आता का आणि कसं ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘कर’ म्हणालो तर तू तिसऱ्या गॅरेजात जाऊन तिसरं मत घेशील.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. पुण्यात आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालो. त्या काळी कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये चिकटणं हे आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं स्वप्न होतं. माझं काही जमलं नाही. मग आखातात जनरेटरवर आठ वर्षं काढली. तिथे 6 बीटी, म्हणजे तुझ्या गाडीतलं हेच घराणं, रोज हाताखालून जायचं. 2001 पासून इंडियानात शेतकऱ्यांच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करतोय. हे पिनचं काम आजवर पन्नासेक गाड्यांवर केलं असेल. इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. मीही तसंच म्हणणार आहे, हसू नकोस.

ही पिन आहे तरी काय? तुझ्या इंजिनात टायमिंगला चेन नाही, पट्टा नाही. सगळं गियरवर. क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा) गियर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गियरला फिरवतो, कॅमचा गियर डिझेल पंपाच्या गियरला. हे सगळे गियर ज्या कप्प्यात फिरतात तो कप्पा म्हणजे अॅल्युमिनियमचं हौसिंग, आणि ते बिडाच्या ब्लॉकला समोरून बोल्टांनी बसवलेलं असतं; त्याच्या पुढून कव्हर. कारखान्यात हे हौसिंग ब्लॉकवर नेमक्या जागी बसावं, पंपाच्या गियरचे दाते कॅमच्या गियरशी बरोबर जुळावेत, म्हणून आधी पोलादी डॉवेल पिना ठोकतात, त्यांवर हौसिंग चढवतात आणि मग बोल्ट आवळतात. बोल्ट आवळले की पिनेचं काम जवळजवळ संपलं. त्यातली एक पिन मात्र कॅम गियरच्या वरच्या अंगाला, उघड्या भोकात बसलेली आहे. तिच्यापुढे काही नाही. ना कॉलर, ना सर्कलिप, ना पत्रा. नुसती ठोकून बसवलेली, आणि खाली सदा फिरते गियर.

आता ती सुटते कशी, तर लोक म्हणतात ‘व्हायब्रेशनने’. ते खरंच, पण त्याच्या जोडीला उष्णता आहे. अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पोलादी पिन बिडासारखीच थोडी फुगते, पण हौसिंगमधलं भोक तिच्यापेक्षा जास्त मोठं होतं. फरक अगदी किरकोळ, केसाच्या जाडीच्या पावपटीलाही पोचत नाही. पण पकड तेवढ्यानेही ढिली होते. थंड झालं की पुन्हा पकडते. रोज तापणं, रोज निवणं, आणि त्यात सहा सिलिंडरच्या डिझेलची धडधड. पिन कुठे जाणार? मागे ब्लॉक आहे, म्हणजे पुढेच येणार. एखादी वीस वर्षं जागची हलत नाही, एखादी कण कण करत पुढे सरकते. भोकाची आणि पिनेची त्या दिवशी कारखान्यात कशी गाठ पडली, त्यावर सगळं.

म्हणून ‘चालतंय तर हात लावू नकोस’ हा नियम इथे लागू पडत नाही, हे मला तुला मुख्यतः सांगायचंय. तो नियम वाईट नाही. मी स्वतः तो पाळतो. निम्म्या गाड्या विनाकारण उघडूनच बिघडतात. पण ज्या दोषाची आधी चाहूल लागते, त्याच्यासाठी तो नियम आहे. पाण्याचा पंप जायचा झाला की गळतो, बेअरिंग ओरडतं. नोझल धूर काढतं. तेव्हा थांबून बघणं शहाणपणाचं. ही पिन ओरडत नाही. अर्धी बाहेर आलेली असली तरी इंजिन तस्संच चालतं, तेलाचा दाब तोच, आवाज तोच. ती भोकात असेपर्यंत सगळं शंभर टक्के ठीक, आणि सुटली की पुढच्या क्षणी काय होईल ते तिच्या पडण्यावर. ‘2,31,000 मैल काही झालं नाही’ हा पुरावा नाही. पिन घट्ट असली तरी हेच दिसलं असतं आणि दोऱ्यावर लटकत असली तरी हेच. आपल्याकडे चालत्या गाडीला खीळ घालणं म्हणतात ना, इथे ती खीळ गाडीतच बसवून दिलेली आहे.

सुटली तर काय होतं? नशीब असेल तर सरळ खाली ऑइल चेंबरात जाऊन पडते आणि तिथेच निजते. असं मी प्रत्यक्ष पाहिलंय. एका शेतकऱ्याच्या ट्रकचं समोरचं सील गळत होतं म्हणून कव्हर उघडलं, तर भोक रिकामं. गियरच्या दात्यांवर ओरखडासुद्धा नाही. चेंबर उतरवलं, तळाच्या गाळात पिन पडलेली. कधी पडली असेल, देव जाणे. मालक हसला आणि ती पिन किल्ल्यांच्या जुडग्याला लावून फिरायला लागला.

दुसरी शक्यता जास्त वाईट. पडता पडता पिन कॅमचा गियर आणि हौसिंगची भिंत यांच्यामध्ये चिमटते. गियर पोलादी, भिंत अॅल्युमिनियमची. कोण हरणार ते सांगायला नको. हौसिंगला तडा जातो, किंवा तुकडाच उडतो, आणि समोरून तेलाची धार लागते. इंजिन वाचतं, पण हौसिंग बदलायचं म्हणजे काय ते ऐक. हौसिंगच्या आत कॅमचा गियर आडवा येतो, म्हणजे कॅम बाहेर काढायचा. कॅम काढायचा तर टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे ठोकळे, वर धरून ठेवायला हवेत, कारण ते खालून रुंद असतात, वरून निघत नाहीत. मग वरून पुशरॉड (टॅपेटवरच्या उभ्या सळया) काढून, त्यांच्या वाटेने लाकडी दांडके खाली घालून, टॅपेटमध्ये ठोकून, वर ओढून रबराने बांधून ठेवायचे. बाराच्या बारा. (त्या लाकडी दांडक्यांनाही इथे डॉवेलच म्हणतात. एका डॉवेलने केलेलं दुसऱ्या डॉवेलने निस्तरायचं.) शिवाय डिझेल पंप हौसिंगवरच टांगलेला असतो, तोही उतरवायचा आणि परत टायमिंगला बसवायचा. एका पत्र्याच्या तुकड्याने वाचलं असतं ते काम असं आठवड्यावर जातं.

तिसरी शक्यता म्हणजे पिन थेट दात्यांत सापडणं. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर असेल तर कॅम निम्म्या वेगाने, 1,000 वर, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा फेरे. तू क्लचवर पाय ठेवायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दाते तुटतात, कॅमचं टायमिंग जातं, व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन येऊन त्यांना भेटतो. पुशरॉड वाकलेले, व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर चंद्रकोरी. असं एकच इंजिन माझ्याकडे आलं, उघडून पाहिलं आणि मालकाला दुसरं जुनं इंजिन शोधायला सांगितलं. बाकी अशा किती गाड्या असतील त्याचा हिशोब माझ्याकडे नाही, आणि घाबरवायला मी आकडे फेकत नाही. बहुतेक पिना कधीच पडत नाहीत. पण पडण्याची शक्यता कमी आणि पडल्यावरचं नुकसान अख्ख्या इंजिनाचं, असं असलं की स्वस्तातला उपाय मी करून टाकतो.

कोणत्या इंजिनांना हे लागू? डॉजमध्ये हे इंजिन 1989 ला आलं आणि बारा व्हॉल्व्हचं रूप 1998 च्या मध्यापर्यंत चाललं. ही सगळी यात येतात. मग 24 व्हॉल्व्हचं आलं. त्यात या पिनेच्या तक्रारी फारच कमी. ओळखायचं सोपं आहे : बॉनेट उघड, वर सहा छोटी छोटी झाकणं रांगेत दिसली की बारा व्हॉल्व्ह, एकच लांब झाकण दिसलं की चोवीस. तुझं 1996 चं, त्यामुळे शंका नाही. चार सिलिंडरचं धाकटं भावंड, 4 बीटी, जुन्या पावाच्या गाड्यांत असायचं, त्यातही हीच पिन. आणि जनरेटर, बोटी, कापणी यंत्रं यांत कुठेही 6 बीटी असेल तर समोरचं कव्हर ज्या दिवशी कुठल्याही कारणाने उघडेल त्या दिवशी पिनेकडे बघून घ्यावं. मी आखातात हे करत नव्हतो, कारण मला माहीतच नव्हतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आधीच्या मालकाने हे काम केलंय का, हे बाहेरून कळत नाही. विकणारा ‘हो हो, झालंय’ म्हणाला असेल तर पावती किंवा फोटो माग. कागद नाही, फोटो नाही, तर काम झालेलं नाही असं मी धरतो.

आता प्रत्यक्ष काम. तू प्रश्नात लिहिलंयस की पान्यांची सवय आहे, ब्रेक आणि पंप स्वतः केलेत. मग हेही करू शकशील. घाई असेल तर करू नकोस. शनिवार मोकळा ठेव.

दोन-तीन दिवस आधी इंजिनची समोरची बाजू धुऊन घे. नीट धू, कारण तुझ्या गाडीत तिथे तेल आणि धूळ मिळून डांबर झालेलं असणार, आणि कव्हर सुटलं की ते आत पडतं. सकाळी दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी काढ. या ट्रकला दोन असतात, एक काढून समाधान मानू नकोस. मग पंखा, त्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, पट्टा. रेडिएटर मी काढत नाही. जागा पुरते. फक्त त्याच्या जाळीवर जाड पुठ्ठा अडकव, नाहीतर एकदा पाना निसटला की रेडिएटरचंही काम निघेल. क्रँकच्या पुढचा डँपर, म्हणजे कंपनं शोषणारी जड चकती, चार बोल्टांवर असतो. ते सोडवताना क्रँक फिरायला बघतो, म्हणून फ्लायव्हीलकडून इंजिन अडवून धरायचं. तुझ्या गाडीत डँपरशेजारी फेऱ्या मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडवण्याआधी खडूने खूण कर आणि सेन्सर-डँपरमधली फट फीलर गेजने मोजून लिहून ठेव.

कव्हरचे बोल्ट काढताना ते खोक्यात टाकू नकोस. सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढ आणि जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोच. आमच्या गुरुजींनी शिकवलेली ही युक्ती, आणि चाळीस वर्षांत मला याहून चांगली सापडली नाही.

कव्हर निघालं की पहिलं काम पिन बघणं नाही. पहिलं काम चिंध्या. गियरच्या खाली चेंबरकडे जाणारी मोकळी वाट असते. तिथे स्वच्छ, सूत न सुटणारं कापड ठासून भर. तू एका पिनेला अडवायला निघालायस आणि तुझ्याच हातून वायसर आत पडला, तर काय मिळवलंस? आणि आत घातलेल्या चिंध्या मोज. मी तीन घालतो, कव्हरवर खडूने ‘3’ लिहितो, बंद करण्याआधी तीन बाहेर आल्या की आकडा पुसतो. हे हसण्यावारी नेऊ नकोस. दुसरीकडे हेच काम करून आलेल्या एका ट्रकमध्ये मला गियरखाली कापडाचा बोळा सापडलाय, दात्यांनी चावून बारीक केलेला. उरलेलं सूत कुठे गेलं असेल ते तेलाच्या गाळणीला विचार.

आता पिन. कॅम गियरच्या वर बघ, हौसिंगमध्ये गोल भोक आणि त्यात पिनेचं चकचकीत तोंड. काठाशी सपाट असेल तर उत्तम. बाहेर आलेली असेल तर पितळी पंच लावून हलक्या हातोडीने आत सरकव, सपाट होईपर्यंतच. भोक रिकामं असेल तर घाबरू नकोस, पण तिथेच थांब. पिन कुठे आहे ते कळल्याशिवाय, म्हणजे लागलं तर चेंबर उतरवून ती हातात आल्याशिवाय, इंजिन सुरू करायचं नाही.

उपाय अगदी साधा. पिनेशेजारीच हौसिंगचा एक बोल्ट आहे. तो काढायचा, त्याखाली पोलादी पट्टीचा छोटा तुकडा घालायचा, असा की त्याचं एक टोक पिनेच्या भोकावर येईल, आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. झालं. पिन आता ढिली झाली तरी पट्टीला टेकून जागच्या जागी राहील. तयार पट्टी बोल्टासकट बाजारात मिळते, काही डॉलरांत. मी स्वतः 3 मिलिमीटरच्या पट्टीतून कापून घेतो, कडा कानशीने गोल करतो. यात तीन गोष्टींवर लक्ष हवं. पट्टीच्या जाडीएवढा बोल्ट आखूड पडतो, म्हणून जरासा लांब, त्याच प्रतीचा बोल्ट हवा; पण इतकाही लांब नको की तो भोकाच्या तळाला टेकेल आणि आवळल्यासारखं वाटूनही पट्टी ढिलीच राहील. दुसरं, बोल्ट आवळताना पट्टी त्याच्याबरोबर फिरते आणि भोकावरून बाजूला जाते. ती स्क्रू-ड्रायव्हरने धरून ठेव, किंवा पट्टीची एक कड ओतीव कामाच्या उंचवट्याला टेकेल अशी घासून घे, म्हणजे पुढेही ती फिरणार नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी कॅमच्या गियरला घासता कामा नये. बोल्ट आवळून झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरव, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो, आणि फेरा होताना डोळा पट्टीवर ठेव. फट दिसली पाहिजे, सगळीकडे.

बोल्टाच्या आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. लाल नाही, लाल लावलंस तर पुढे कधी सोडवायला आग लावावी लागेल. आणि लॉकटाइट तेलकट आट्यांत धरत नाही. भोकातलं तेल ब्रेक क्लीनरने धुऊन, हवेने सुकवून मगच. आवळणी 18 फूट-पाउंड, म्हणजे 24 न्यूटन-मीटर. अॅल्युमिनियमवर काम आहे, दंडाचा जोर दाखवायची जागा नाही.

काही लोक पट्टीच्या ऐवजी भोकाच्या काठावर सेंटर पंचाने तीन-चार ठिकाणी ठोकून अॅल्युमिनियम आत दाबतात, म्हणजे पिनेला ओठ तयार होतो. रस्त्यात अडलं असेल तर ठीक आहे. एरवी मला ते आवडत नाही. ओतीव अॅल्युमिनियम ठोकलं की कधी कधी दबण्याऐवजी चिरतं, आणि ओठाचा तुकडा निघाला तर तोही गियरवरच पडणार. भोकात आटे पाडून वर स्क्रू बसवणारेही आहेत. काम पक्कं होतं, पण उघड्या इंजिनवर आटे पाडायचे म्हणजे धातूचा कीस, आणि तो किती जपला तरी कुठे ना कुठे जातो. पिन काढूनच का टाकू नये, असंही तू विचारशील. चालतं. पण हौसिंगचे बोल्ट पुढेमागे ढिले झाले तर ते जागेवर धरायला पिना असाव्यात असं मला वाटतं. तशी मी राहू देतो.

बोल्टांवरून आठवलं, आणि हे पिनेइतकंच महत्त्वाचं आहे. हौसिंग ब्लॉकला धरणारे बाकीचे बोल्टही या इंजिनात ढिले सापडतात. लोक पत्रा लावतात, फोटो काढतात आणि खूश होऊन कव्हर बंद करतात. तू तसं करू नकोस. एकेक बोल्ट काढ, धू, लॉकटाइट लाव, 18 फूट-पाउंडाला आवळ, मग पुढचा. सगळे एकदम काढायचे नाहीत. काही बोल्ट कॅमच्या गियरमागे लपलेले असतात. इंजिन हाताने हळूहळू फिरवलं की गियरमधल्या भोकांतून ते दिसतात. वेळखाऊ आहे. पण मी उघडलेल्या इंजिनांत पिन बाहेर आलेली सापडण्यापेक्षा एखादा बोल्ट हाताने फिरेल इतका ढिला सापडणं जास्त वेळा झालंय. बोल्ट सुटला तर तोही तिथेच पडतो.

आता सील. समोरचं क्रँक सील कव्हरमध्ये असतं. कव्हर हातात आहे तर ते बदलच, जुनं परत बसवणं म्हणजे सहा महिन्यांनी हाच शनिवार पुन्हा. आणि इथे माझी फजिती सांगतो. आपल्याकडे शिकताना पहिल्या दिवशी काय शिकवतात? सीलच्या ओठाला तेल किंवा ग्रीस लावल्याशिवाय बसवू नकोस. रबराच्या सीलला ते बरोबरच आहे. इंडियानात पहिलंच हे काम केलं तेव्हा मी सवयीने बोटभर तेल लावून सील चढवलं. आठवडाभरात ट्रक परत, समोरून थेंब थेंब. हे सील टेफ्लॉनचं. ते कोरडं बसवायचं. ओठ कोरडा आणि क्रँकचा भागही ब्रेक क्लीनरने पुसून हाडासारखा कोरडा, म्हणजे चालताना टेफ्लॉनचा पातळ थर क्रँकवर बसतो आणि तोच तेल अडवतो. मी तेल लावून तो थरच बसू दिला नव्हता. सगळं पुन्हा उघडलं, मालकाकडून पैसे न घेता. मालकाने वरून कॉफी पाजली, ते जास्त लागलं.

जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली असेल तर नखाला लागते. मग एक तर सील थोडं पुढेमागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येईल, किंवा खाच खोल असेल तर पातळ पोलादी बाही मिळते ती चढवायची. कव्हर लावताना सीलच्या संचासोबत येणारं प्लॅस्टिकचं मार्गदर्शक कडं क्रँकवर ठेव. कव्हर क्रँकच्या बरोबर मध्यावर बसलं पाहिजे, नाहीतर सील एका बाजूने दाबलं जाऊन वर्षभरात गळतं. आधी सगळे बोल्ट हाताने, मग समोरासमोरचे, 18 फूट-पाउंड. डँपरचे चार बोल्ट 92 फूट-पाउंड, म्हणजे 125 न्यूटन-मीटर, आणि हे अंदाजाने नको, टॉर्क पान्याने. शेवटी सेन्सरची फट तू लिहून ठेवली होतीस तेवढीच आहे ना, बघ.

त्या दुसऱ्या गॅरेजच्या अंदाजपत्रकाबद्दल. तुझं इंजिन तेल खात नाही, धूर सोडत नाही, सेल्फला उठतं. मग पिस्टन-रिंगला हात कशाला? हे इंजिन नीट तेल बदललेलं असेल तर तुझ्या मैलांना अजून तरुणच. हेडला हात लावू नकोस. फार तर वरची सहा झाकणं काढून टॅपेटच्या फटी तपास. इंजिन थंड असताना इनटेक 0.010 इंच, एग्झॉस्ट 0.020. ते तुझ्या डोंगरातल्या प्रवासाला उपयोगाचं आहे. समोर-डावीकडे तेल दिसतंय असं तू लिहिलंस. ते हौसिंगचं असेलच असं नाही, ड्रायव्हरच्या बाजूला डिझेल पंपाखाली व्हॅक्यूम पंप असतो, तो या गाड्यांत हटकून पाझरतो. धुऊन झाल्यावर दोन दिवस चालव, म्हणजे तेल कुठून येतंय ते कव्हर उघडण्याआधीच कळेल आणि लागतील ती पॅकिंगं एकदमच मागवता येतील.

गॅरेजातच द्यायचं ठरवलंस तर त्यांना एवढंच विचार : पत्रा लावाल, पण हौसिंगचे बाकीचे बोल्ट काढून लॉकटाइट लावून आवळाल का? आणि सील कोरडं बसवता की तेल लावून? दुसऱ्या प्रश्नावर ‘तेल लावून’ म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

स्वतः करणार असशील तर पट्टी बसल्यावर, दोन फेरे फिरवून झाल्यावर, चिंध्या बाहेर काढल्यावर, पण कव्हर लावायच्या आधी, उजेड नीट धरून तीन फोटो काढ : पिनेचा जवळून, पट्टी आणि कॅम गियरमधल्या फटीचा बाजूने, आणि पुठ्ठ्यावर खोचलेल्या बोल्टांचा. मला पाठव. इंडियानात शनिवारी दुपारी मी वर्कशॉपातच असतो. उत्तर येईपर्यंत कव्हर लावू नकोस, तोवर जेवून घे.